1939 सालचा एक अख्खा दिवस रेडिओ ऐकला, त्या रेकॉर्डिंगचा रिव्ह्यू

आधी मार्क देऊन टाकते, पाचपैकी पाच, आणि वस्तू फुकट आहे. इंटरनेट आर्काइव्हच्या साइटवर जाऊन डब्ल्यूजेएसव्ही 1939 असं इंग्रजी अक्षरांत टाकलंत की लगेच सापडेल. डब्ल्यूजेएसव्ही म्हणजे वॉशिंग्टनमधलं, सीबीएस ह्या मोठ्या अमेरिकन रेडिओ कंपनीचं स्टेशन. 21 सप्टेंबर 1939, गुरुवार, त्या दिवशी सकाळी साडेसहाला स्टेशन सुरू झालं तेव्हापासून रात्री एकला बंद होईपर्यंत जे जे हवेत गेलं ते सगळं त्यांनी मोठाल्या तबकड्यांवर उतरवून ठेवलं आणि अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजला दिलं. साडेअठरा तास. त्या काळात रेडिओ म्हणजे बोललं आणि गेलं, जाहिरातींसकट अख्खा दिवस जपून ठेवायचं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही, म्हणून ही चीज दुर्मीळ आहे.

दिवस कुठला ते लक्षात घ्या. 1 सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसली, 3 तारखेला ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारलं, 17 ला पूर्वेकडून रशिया पण पोलंडमध्ये शिरला, वॉर्साला वेढा पडलेला आणि बॉम्ब पडतायत. अमेरिका अजून युद्धात नाही. आणि ह्याच दिवशी दुपारी प्रेसिडेंट रूझवेल्ट संसदेत भाषण करणार आहेत.

आता बहुतेक लोक काय करतात, यूट्यूबवर ते भाषण तेवढं ऐकतात आणि म्हणतात ऐकलं. मी म्हणते तसं करू नका. सकाळपासून लावा, क्रमाने लावा, काही पुढे ढकलू नका. मी देवगडला राहते, घरी सासूबाई आणि मी, त्या दिवशी मोबाईलला छोटा स्पीकर जोडून स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिला आणि भाकऱ्या, तांदूळ निवडणं, नारळ खवणं, मागच्या दारची कामं, सगळं त्याच्या सोबतीनं केलं. पाऊस होता. मधे लाईट गेली पण फाइली आधीच डाउनलोड करून ठेवल्या होत्या म्हणून खंड पडला नाही. तुम्हीही रात्री वायफायवर उतरवूनच घ्या, आपल्याकडच्या नेटवर ऐन पावसात लाइव्ह ऐकायला गेलात तर नुसतं चक्र फिरत बसेल.

सकाळी आर्थर गॉडफ्री नावाचा निवेदक आहे. तेव्हा 36 वर्षांचा, पुढे अख्ख्या अमेरिकेत नाव झालं त्याचं. रेकॉर्ड लावतो, वेळ सांगतो, जाहिरात वाचतो, मधेच स्वतःशी हसतो, घाई अजिबात नाही. घरातलं कुणीतरी ओटीवर बसून बोलतंय असं वाटतं. पहिला तासभर मला युद्ध कुठे आहे तेच कळेना आणि मग उमगलं की हे असंच असणार ना, तिकडे वॉर्सात माणसं मरतायत आणि इकडे वॉशिंग्टनमध्ये माणसं दाढी करतायत, ऑफिसला निघालीयत, रेडिओवरून वेळ जुळवतायत. पुस्तकात हे कधीच मिळत नाही, पुस्तकात 1939 म्हटलं की नुसते रणगाडे.

सकाळचा मधला वेळ दुपारपर्यंत मालिका. पंधरा-पंधरा मिनिटांच्या, एक संपली की दुसरी, मधे साबणाच्या, खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या जाहिराती. ह्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणतात ते ह्याच साबण कंपन्यांमुळे, घरी काम करणाऱ्या बायका ऐकणार, त्याच साबण विकत घेणार, हिशोब सरळ होता. मी नेमकी त्याच वेळेला भांडी घासत ऐकत होते आणि मला कळलं की कार्यक्रमांची सगळी आखणी बाईच्या दिवसावर केलीय. हात कामात, कान मोकळे. हेलन ट्रेंटची एक मालिका आहे, पस्तिशी उलटलेल्या बाईच्या आयुष्यातसुद्धा प्रेमाला जागा असते असं ती रोज सुरुवातीलाच सांगते, 1933 ला सुरू झाली आणि 1960 पर्यंत चालली. दुसरी गोल्डबर्ग कुटुंबाची, न्यूयॉर्कमधल्या ज्यू घरातली, गर्ट्रूड बर्ग ह्या बाई ती स्वतः लिहायच्या आणि मुख्य काम स्वतःच करायच्या. साधं घरगुती बोलणं आहे, पण 1939 च्या सप्टेंबरमध्ये युरोपातल्या ज्यू घरांवर काय येऊ घातलंय हे आपल्याला माहितीय आणि त्या मालिकेतल्या माणसांना माहिती नाही, ते ऐकताना हातातलं काम थांबलं माझं.

ह्या मालिका रटाळ आहेत म्हणून लोक वगळतात. माझं स्पष्ट मत, ह्या वगळल्या तर रेकॉर्डिंगचा जीवच जातो. कारण मालिका चालू असते, मधे बातम्या येतात, परत मालिका. ऐकणाऱ्या बाईला त्या दिवशी युद्ध असंच मिळालं, साबणाच्या आणि दुसऱ्याच्या संसाराच्या मधून थोडं थोडं.

सासूबाईंना इंग्रजी येत नाही. सकाळी त्यांनी विचारलं, "काय गो, ह्या काय लावून ठेवलंस?" मी सांगितलं जुना रेडिओ आहे, लढाई सुरू झाली तेव्हाचा. मग त्या दर थोड्या वेळानं आतून विचारायच्या, "लढाई खंयसर इली?" आणि मी जे ऐकलं ते सांगायचे. खरं सांगू, तेव्हा गावागावांत असंच झालं असेल. कोकणात खेडोपाडी वीज कुठली, रेडिओ असलाच तर बॅटरीवरचा, एखाद्या मोठ्या घरात, त्याला लायसन्स लागायचं, पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद म्हणजे वर्तमानपत्रं पण उशिरा. एकानं ऐकायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. आणि तारीख बघा, 1939 ला गणपती सप्टेंबरच्या मध्याला आले होते, म्हणजे तिकडे रूझवेल्ट बोलत होते त्या आठवड्यात इकडे आपल्या घरांत आरत्या चालू होत्या.

आपण तर युद्धात होतोच, कुणी विचारलं नव्हतं. व्हाइसरॉय लिनलिथगोंनी 3 सप्टेंबरलाच जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान युद्धात आहे. 14 सप्टेंबरला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं विचारलं की लढाई कशासाठी ते आधी सांगा, त्यात आमचं स्वातंत्र्य धरलंय का. मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आताच्या भाषेत मुख्यमंत्री) तेव्हा बाळासाहेब खेर, जन्म आपल्या रत्नागिरीचा, दोनेक महिन्यांच्या आत त्यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. हे सगळं डोक्यात ठेवून दुपारचं भाषण ऐका, फार वेगळं ऐकू येतं.

भाषण दुपारी दोनच्या सुमाराला. रूझवेल्टना लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची बंदी उठवायची होती, ज्याला पाहिजे त्यानं रोख पैसे द्यावेत आणि माल आपल्या जहाजातून न्यावा असा त्यांचा हिशोब, आणि समुद्र ब्रिटनच्या ताब्यात म्हणजे फायदा कुणाला ते उघड आहे. पण ते म्हणतात काय, आपल्या प्रत्येक कृतीमागे एकच विचार हवा, अमेरिकेला ह्या युद्धाबाहेर ठेवायचं. आणि एका ठिकाणी सरळ सांगतात की ही बंदी घालणारा तटस्थतेचा कायदा संसदेनं केला याचं मला वाईट वाटतं आणि मी त्यावर सही केली याचंही तेवढंच वाईट वाटतं. देशाचा सगळ्यात मोठा माणूस, जगात युद्ध पेटलेलं असताना, अख्ख्या देशाला ऐकू जातंय हे माहीत असून माझी सही चुकली असं म्हणतो, हे मी परत मागे घेऊन ऐकलं. अख्ख्या दिवसात मागे घेऊन ऐकलेली जागा ती एकच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कायदा बदलला, आणि युद्धाबाहेर ठेवायचं म्हणालेली अमेरिका 1941 च्या डिसेंबरमध्ये युद्धात उतरली.

त्यानंतर फ्रान्सचे पंतप्रधान दालादिए यांचं भाषण. फ्रान्स लढेल वगैरे. पुढच्या जूनमध्ये पॅरिस जर्मनांच्या हातात गेलं. त्याच दिवशी बुखारेस्टला रुमानियाचे पंतप्रधान कालिनेस्कू यांची हत्या झाली होती, म्हणजे युरोपात एकेक देश हलायला लागलेला. आणि ह्या सगळ्यानंतर चार वाजता काय, बेसबॉल! वॉशिंग्टन विरुद्ध क्लीव्हलँड. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही पण मी बंद केलं नाही. भाषण ऐकलेला माणूस संध्याकाळी मॅच ऐकतो, त्यात वाईट काय, कोविडमध्ये आपणही आकडे बघून झाल्यावर पत्ते खेळायला बसायचोच की.

संध्याकाळचा भाग मला तितका आवडला नाही. एमॉस अँड अँडी नावाचा त्यांचा तेव्हाचा प्रचंड लोकप्रिय कार्यक्रम, दोन गोरे कलाकार काळ्या माणसांचं बोलणं काढून विनोद करतात. ऐकवत नाही. पण कापलेलं नाही ते बरं, तो देश त्या दिवशी तसाही होता, लोकशाहीची भाषणं आणि हे एकाच स्टेशनवरून एकाच दिवशी. आठनंतर हौशी गायकांचा मेजर बोवेस यांचा कार्यक्रम आहे, तो छान, आपल्या आजच्या गाण्यांच्या स्पर्धांचं मूळ तिथेच ऐकू येतं. अकरानंतर डान्स बँड, एकामागून एक. त्यातलं थोडं मी झोपेत ऐकलं असेल, त्याबद्दल लिहीत नाही.

आवाजाबद्दल. तबकड्यांवरून घेतलंय त्यामुळे खरखर आहे, काही ठिकाणी तबकडी बदलल्याचं कळतं, पण ऐंशीच्या वर वर्षं झालेल्या मानाने बोलणं फारच स्वच्छ. हेडफोनपेक्षा छोट्या स्पीकरवर जास्त चांगलं वाटतं. भाषा साधी, हळू, आजच्या अमेरिकन सिनेमापेक्षा समजायला सोपी, फक्त जाहिरातीतल्या वस्तू अनोळखी. लेखी मजकूर सोबत नाही, तो असता तर शाळेतल्या मुलांना ऐकवता आलं असतं, कमी म्हणायची तर एवढीच.

हे आवडलं तर तिथेच 6 जून 1944, दोस्त सैन्य फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं त्या दिवसाची, एनबीसी (ही दुसरी रेडिओ कंपनी) आणि सीबीएसची रेकॉर्डिंगं पण आहेत. त्यातले मध्यरात्रीनंतरचे पहिले तीन तास जरूर ऐका. साडेबाराच्या पुढे जर्मन वृत्तसंस्थेनं सांगितलं की दोस्त सैन्य उतरलं, आणि पहाटे 3 वाजून 32 मिनिटांनी दोस्त सैन्याचा सरसेनापती आयसेनहॉवर याच्या मुख्यालयाची अधिकृत बातमी आली. मधले जवळजवळ तीन तास निवेदक पुन्हा पुन्हा सांगतात, ही फक्त जर्मनांची बातमी आहे, आपल्याकडून दुजोरा नाही, फ्रान्समधल्या भूमिगत लोकांना बाहेर काढायचा हा डावही असू शकतो. चार वर्षं ज्या बातमीची वाट बघितली ती समोर आहे आणि माणूस म्हणतोय खात्री नाही. मला 2025 च्या मे महिन्यातली ती रात्र आठवली, आपल्या चॅनेलवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ओरडून सांगत होते आणि तसलं काहीच झालेलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या गावात बसून, घरातली माणसं होडीवर असताना असल्या बातम्या बघणं काय असतं ते आमच्या वाडीला विचारा. म्हणून मला हे तीन तास सोन्यासारखे वाटतात.

आणि एक. त्या 6 जूनच्या आवाजात इटली मागे पडलेली आहे, रोम दोनच दिवसांपूर्वी घेतलेलं, आदल्या संध्याकाळी रूझवेल्ट त्याच्यावर बोललेसुद्धा, पण नॉर्मंडी आल्यावर इटलीकडे कोण बघतंय. तिथे आपली मराठा लाइट इन्फंट्री लढत होती. महिन्याभरात, 10 जुलैला, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 22 व्या वर्षी तिथे पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. रेडिओच्या त्या गदारोळात मी त्यांची वाट बघत होते, अर्थात तिथे ते असणार नाहीत.

शेवटी एक मागणं. असा आपला एक अख्खा दिवस मला ऐकायचाय, 1971 च्या डिसेंबरमधला, मुंबई केंद्राचा, कामगार सभा, शेतीभातीचा कार्यक्रम, नाट्यगीतं, मच्छीमारांसाठी हवामान आणि मधे मधे युद्धाच्या बातम्या, काही न कापता. कुणाच्या घरी त्या काळात स्पूलवर रेडिओ उतरवून ठेवला असेल, अर्धा तास का असेना, तर माळ्यावरून काढा, बुरशी पुसून घ्या आणि कमेंटमध्ये कळवा. टेप चालते की नाही ते नंतर बघू.