फास्टयुटिल काही महिने वापरल्यावर: मेमरीची बचत खरी, फॉर-ईचबद्दल मात्र तक्रार

ओळख क्रमांकांच्या मोठ्या याद्या मेमरीत धरून त्यांवर पुन्हा पुन्हा फिरणारा आमचा जावातला एक रात्रीचा जॉब हीप (प्रोग्रामला ऑब्जेक्टसाठी मिळालेली मेमरी) संपून मान टाकू लागला, तेव्हा जास्त मेमरी मागून घेण्याऐवजी मी इंटीजरची (ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेल्या आकड्यांची) अरेलिस्ट काढून त्या जागी फास्टयुटिल या जावा लायब्ररीची, साधे इंट तसेच धरणारी इंटअरेलिस्ट बसवली. मेमरी वाढवून मिळाली असती, पण चार बाइटांच्या आकड्यासाठी वीस बाइट खर्च करणे माझ्या स्वभावात बसत नाही. ६४-बिट हॉटस्पॉटवर (जावा चालवणाऱ्या नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनवर), पॉइंटर कॉम्प्रेस्ड असताना, एक इंटीजर ऑब्जेक्ट १६ बाइट घेतो आणि त्याचा रेफरन्स आणखी ४ घेतो. म्हणजे एक कोटी आकड्यांना सुमारे २० कोटी बाइट लागतात आणि इंटच्या साध्या अरेमध्ये तेच आकडे ४ कोटींत मावतात. −१२८ ते १२७ या पट्ट्यातले इंटीजर जावा कॅशमधून देते खरी, पण आमचे ओळख क्रमांक त्या पट्ट्याच्या आसपासही फिरकत नाहीत. बदलानंतर जॉब आहे त्याच हीपमध्ये पार पडू लागला आणि गार्बेज कलेक्टरच्या (नको झालेली मेमरी परत घेणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमधली गर्दी ओसरली. साठवणुकीच्या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती फिरण्याबद्दल. इंटअरेलिस्टवर तुम्ही फॉर-ईच, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर फिरणारा लूप, लावला आणि लूपचे चल इंट म्हणून जाहीर केले, तर वाचणाऱ्याला वाटते की सगळा मामला प्रिमिटिव्ह, म्हणजे ऑब्जेक्टविना साध्या आकड्यांचा, आहे. प्रत्यक्षात तो तसा नाही. भाषेच्या नियमानुसार फॉर-ईच इटरेटरच्या (यादीतून एकेक घटक देणाऱ्या ऑब्जेक्टच्या) नेक्स्टलाच हाक मारतो, आणि नेक्स्टने ऑब्जेक्ट द्यायचा असतो. त्यामुळे फास्टयुटिलचा इटरेटर आतून नेक्स्टइंटने आकडा काढतो, तो इंटीजर व्हॅल्यूऑफमध्ये गुंडाळतो, आणि तुमचा लूप तो लगेच इंटव्हॅल्यूने पुन्हा सोडवतो. जावापी हे जावाचे साधन चालवून बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) पाहिला तर इटरेटरचा नेक्स्ट, मग इंटीजरवरचा चेककास्ट, मग इंटव्हॅल्यू अशा तीन ओळी एकाखाली एक दिसतात. नेक्स्टइंटचे नाव तिथे कुठेही नसते. ज्या बॉक्सिंगला, म्हणजे आकडा ऑब्जेक्टमध्ये गुंडाळण्याला, कंटाळून ही लायब्ररी आणली, ते जावातल्या सर्वांत सरावाच्या लूपमधून मागच्या दाराने परत आत येते.

याहून जास्त चीड येते ती शांततेची. फास्टयुटिलने आपल्या इटरेटरच्या नेक्स्टवर डेप्रिकेटेडचा (‘वापरू नका’चा) शिक्का मारला आहे, म्हणजे तुम्ही स्वतः तो बोलावलात तर कंपायलर टोकतो; पण फॉर-ईचमधली हाक कंपायलर स्वतःच आणि जावाच्या मूळ इटरेटरच्या नावाने लिहितो, त्यामुळे एकही वॉर्निंग येत नाही. टेस्ट हिरव्या राहतात, उत्तर बरोबर येते आणि कोड वाचायला सुंदर दिसतो. दोष लायब्ररीचा नाही, हे मान्य करायला हवे. २००४ साली जावा ५ मध्ये जेनेरिक्स (कोणत्याही प्रकारासाठी चालणारे क्लास) आली ती जुन्या कोडशी जुळवून घेण्यासाठी टाइप इरेजरवर (कंपाइल होताना प्रकाराची माहिती पुसण्यावर) उभी राहिली आणि प्रिमिटिव्ह दाराबाहेरच राहिले. पुढच्याच वर्षी सी-शार्पच्या दुसऱ्या आवृत्तीत आलेल्या जेनेरिक्समध्ये इंटची लिस्ट खरोखर इंटचीच असते. जावात हे बदलू पाहणारा वल्हाला प्रकल्प २०१४ पासून चालू आहे. त्याच्या भरवशावर आजचा जॉब थांबवता येत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे मी कोड रिव्ह्यूमध्ये असा प्रत्येक फॉर-ईच अडवत असे. नंतर जेएमएच या जावाचा वेग मोजणाऱ्या साधनाने मोजमाप केल्यावर माझे मत पुष्कळ नरमले. हॉट लूप छोटा असेल, लिस्टचा नेमका प्रकार जेआयटीला (चालता चालता कोड कंपाइल करणाऱ्या भागाला) माहीत असेल आणि इटरेटरच्या मेथड इनलाइन झाल्या (हाकेच्या जागीच उतरवल्या गेल्या) असतील, तर जेआयटीच्या सी२ कंपायलरला एस्केप अॅनालिसिस या तपासणीत कळते की हा इंटीजर लूपबाहेर जातच नाही, आणि तो गुंडाळणे-सोडवणे दोन्ही काढून टाकतो. अशा ठिकाणी जेएमएचचा जीसी प्रोफायलर प्रत्येक फेरीमागचे अॅलोकेशन (नव्याने घेतलेली मेमरी) जवळजवळ शून्य दाखवतो. पण त्याच मेथडला कधी इंटअरेलिस्ट, कधी इंटओपनहॅशसेट, कधी एखाद्या सबलिस्टचा इटरेटर मिळू लागला की इनलाइनिंग हुकते आणि बॉक्स परत येतात. आमच्याकडे नेमके हेच होते, कारण मेथडचे पॅरामीटर आम्ही हौसेने इंटकलेक्शन या सामायिक प्रकाराचे ठेवले होते. तेव्हा आता सरसकट बंदी नाही. जिथे लूप लाखो वेळा फिरतो आणि समोरचा प्रकार ठरलेला नसतो, तिथेच मी अडून बसतो.

अशा जागी हॅजनेक्स्ट आणि नेक्स्टइंट घेऊन लिहिलेला व्हाइल लूप दिसायला जुनाट असला तरी पक्का आहे. लिस्ट असेल तर इंडेक्स आणि गेटइंट चालते. साध्या गेटचा हात मात्र धरू नये, कारण तो इंटीजर देतो, आणि असे दोन इंटीजर कोणी दुहेरी बरोबरीने (== ने, म्हणजे ऑब्जेक्ट तोच आहे का असे) ताडून पाहिले की १२७ पर्यंत सगळे ठीक वाटते आणि १२८ ला गणित फसते. फॉरईच मेथडला लॅम्ब्डा (तिथेच लिहिलेले छोटे फंक्शन) दिला तर तो प्रिमिटिव्ह वाटेनेच जातो, पण मध्येच ब्रेक करून बाहेर पडता येत नाही. सर्वांत वेगवान वाट एलिमेंट्स या मेथडची आहे: ती आतला अरे कॉपी न करता हातात देते. त्या अरेची लांबी ही लिस्टची क्षमता असते, साइज नव्हे. साइजच्या पुढच्या खणांत शून्ये असतात किंवा क्लिअर केल्यानंतर मागे राहिलेले जुने आकडे असतात, आणि लहानात लहान ओळख क्रमांक शोधताना ते बेमालूम मिसळून जातात.

नावांच्या बाबतीत मात्र मी अजून कुरकुरतो. सेटमध्ये रिमूव्हला इंट दिला की तो आकडा जातो. लिस्टमध्ये आकडा काढायचा तर रेम आणि जागेवरून काढायचे तर रिमूव्हइंट. कारण समजते, कारण जावाच्या लिस्टमध्येच रिमूव्हचा हा घोळ आहे. पण हाताला सवय लागायला वेळ जातो.

मॅपवर फिरताना एक सुखद धक्का बसला. इंटटूइंटओपनहॅशमॅपच्या एंट्रीसेटवर फास्टइटरेटर मिळतो आणि तो प्रत्येक फेरीला नवी एंट्री न बनवता तीच एक एंट्री फिरवत राहतो. चलाख सोय आहे, पण ती एंट्री एखाद्या यादीत साठवून ठेवलीत तर शेवटी यादीभर एकाच ऑब्जेक्टचे रेफरन्स उरतात. शिवाय नसलेल्या कीसाठी हा मॅप नलऐवजी शून्य देतो; मोजणीसाठी ते सोयीचे आहे, पण शून्य हीच खरी किंमत असू शकत असेल तर डीफॉल्ट रिटर्न व्हॅल्यू आधीच बदलून घ्यावी.

राहता राहिला आकार. प्रत्येक प्रिमिटिव्हसाठी वेगळा क्लास असल्यामुळे लायब्ररीची पूर्ण जार फाइल २० मेगाबाइटच्या वर जाते, आणि बाइट वाचवायला निघालेल्या माणसाला हे पाहून हसावे की रडावे कळत नाही. इंट, लाँग, डबल आणि ऑब्जेक्टपुरती फास्टयुटिल-कोर वेगळी मिळते. आम्ही तीच ठेवली आहे, आणि बाइट किंवा शॉर्टचा कलेक्शन लागला असा प्रसंग अद्याप आलेला नाही.