सेकंडहँड डस्टर की एस-क्रॉस? एका नागपूरकराचा हिशेब

पाच लाखांच्या आतबाहेर डिझेलची, जरा उंच आणि ऐसपैस जुनी गाडी हवी असेल तर शोध फिरून फिरून दोन नावांवर येतो: रेनॉची डस्टर आणि मारुतीची एस-क्रॉस. दोन्ही 2022 मध्ये बंद झाल्या. डिझेल तर दोघींनी त्याआधीच सोडलं, एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले तेव्हा. म्हणजे आज जी डिझेल बघायला मिळते ती कितीही चकाचक दिसली तरी तेवढी जुनी आहेच. या दोघींमधली एक मी घेतली आणि अजून तीच वापरतोय. कोणती ते कळेलच. तुमचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं निघू शकतं, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

क्रेटा का नाही, असं पहिल्यांदा विचारतात. क्रेटा अजून बनते, म्हणून जुन्या क्रेटाचा भाव खाली यायला तयार नाही. एक्सयूव्ही500 चांगली, पण नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत ती वळवणं म्हणजे रोजची कसरत. बंद झालेल्या गाडीला गिऱ्हाईक बिचकतं, तिथे घासाघीस करायला वाव मिळतो. एस-क्रॉसला तो जरा कमी मिळतो, कारण मारुतीचं नाव. त्याच सालची, तितक्याच चाललेली डस्टर बहुतेक वेळा स्वस्तात पदरात पडते.

इंजिनाचं थोडक्यात. एस-क्रॉसमध्ये फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल आहे, 90 पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप). हेच इंजिन स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा सगळ्यांत होतं, त्यामुळे कळमन्यापासून हिंगण्यापर्यंत कुठल्याही मिस्त्रीच्या ते हातचं आहे. टायमिंगला चेन आहे, ती वेळेवर बदलत बसायची कटकट नाही. उणीव एकच, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे: दोन हजार आरपीएमच्या खाली ते सुस्त असतं. सीताबर्डीच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर रांगताना मधेच पहिला टाकावा लागतो. 1.6 लिटरची, 120 पीएसची एस-क्रॉसही होती. ती चालवायला झकास, पण इंजिन आयात केलेलं, आणि 2015 ते 2017 एवढ्याच काळात विकलेली. शौक असेल तर घ्या, रोजच्यासाठी मी म्हणणार नाही.

डस्टरचं 1.5 लिटरचं डिझेल 85 आणि 110 पीएस अशा दोन रूपांत आलं. लोक 110 च्या मागे लागतात. मला 85 जास्त भावली. क्लच पायाला हलका, खालच्या आरपीएमलाही ओढ बरी, गिअर पाचच, आणि गावात वापरायला तेवढं पुष्कळ. हायवेवर ओव्हरटेक करताना 110 चा जोर जाणवतो हे खरं. हे इंजिन अनोळखी आहे असा एक समज आहे, पण महिंद्राच्या लोगन आणि व्हेरिटोत हेच होतं, निसानच्या सनीतही हेच. ज्याने टॅक्सीच्या व्हेरिटो खोलल्या आहेत त्याला डस्टरचं नवल वाटत नाही. निसानची टेरानो तर आतून डस्टरच, तेव्हा भाव चांगला मिळाला तर तीही बघायला हरकत नाही.

आता शहरातला मामला. इथे एस-क्रॉस पुढे आहे, वाद नको. बसायला कारसारखी, स्टिअरिंग हलकं, वर-खाली आणि मागे-पुढे दोन्ही होतं. डस्टरचं फक्त वर-खाली होतं, आणि हळू चालवताना हाताला जडही लागतं. ब्रेक एस-क्रॉसला चारही चाकांना डिस्क, डस्टरला मागे ड्रम. आईचे गुडघे दुखतात. एस-क्रॉसमध्ये ती सरळ बसते, डस्टरमध्ये आधी वरचं हँडल धरते, मग एक पाय, मग देवाचं नाव. समृद्धीवर 120 च्या मर्यादेत एस-क्रॉस इतकी शांत जाते की मागचे गप्पा मारत मारत झोपी जातात. डस्टरही तिथे डगमगत नाही, पण वाऱ्याचा आणि इंजिनाचा आवाज आत येतो. नागपूर ते शिर्डी, पुणे, मुंबई असंच तुमचं जाणंयेणं असेल, घर सिमेंट रोडला लागून असेल, तर इथेच वाचणं थांबवा आणि एस-क्रॉस शोधायला लागा.

मे महिन्याचं मात्र वेगळं सांगायला हवं. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की नागपुरात गाडीचा एसी हा चैनीचा विषय राहत नाही. पुढच्यांसाठी दोन्ही गाड्या ठीक. एस-क्रॉसमध्ये मागच्या सीटला एसीची जाळीच नाही. पुढून येईल तेवढ्यावर भागवायचं. डस्टरच्या वरच्या मॉडेलांत मागच्यांसाठी वेगळा ब्लोअर आहे. तो दोन सीटांच्या मधे बसवलाय, मधल्या माणसाच्या गुडघ्यांना अडचण होते आणि जोरात लावला की घोंघावतो, पण उन्हात उभी केलेली गाडी उघडल्यावर मागे बसलेली पोरं त्याच्यासाठीच भांडतात.

एवढ्यावर निकाल लागला असता तर माझ्याकडे आज बहुधा एस-क्रॉस असती. निकाल लावला पांदणीने.

आमचं वावर काटोलच्या पुढे आहे, संत्र्याचं. डांबरी सुटल्यावर शेतापर्यंत पांदण. ज्यांना शेत आहे त्यांना पांदण समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी: काळी माती, पावसाळ्यात ट्रॅक्टर त्यातून जातात, चाकं रुतून दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे लांबच लांब उंचवटा उरतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून तोडायला येतात, नेमक्या त्याच वेळी माती वाळते आणि तो उंचवटा दगडासारखा कडक होतो. वरून गवत असतं, म्हणून आतले गोटे दिसत नाहीत.

एस-क्रॉसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा, 180 मिलिमीटर, डस्टरचा 205. कागदावर एक इंच. हे आकडेही रिकाम्या गाडीचे. चार माणसं, डब्याच्या पिशव्या आणि येताना मागे भरलेले क्रेट म्हटलं की गाडी खाली बसते, आणि मग त्या एका इंचावर सगळं येऊन ठेपतं.

साडूची एस-क्रॉस घेऊन आम्ही संत्र्याच्या तोडीला गेलो होतो. गाडी उत्तम ठेवलेली, तक्रारीला जागा नाही. पांदणीत शिरल्यावर पहिल्या वळणालाच खालून खर्रर्र असा आवाज आला. साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग एक चाक चाकोरीत, एक उंचवट्यावर असं तिरपं चालवायचं ठरलं. त्याने एका बाजूची बाभूळ दारावर घासायला लागली. शेवटी सगळ्यांनी उतरायचं, गाडीने रिकाम्याने तो तुकडा पार करायचा, पुढे थांबायचं, आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत जायचं आणि परत बसायचं. सासरे तर नंतर बसेचनात. "तुम्ही या सावकाश, मी पोचतो," म्हणून काठी टेकत पुढे निघाले आणि आमच्या आधी वावरात पोचलेही. येताना क्रेट भरलेले, त्यामुळे तोच सगळा प्रकार उलट दिशेने, अंधार पडायच्या घाईत. नुकसान काही झालं नाही. पण तो खर्रर्र आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

डस्टर त्याच पांदणीतून नेली तेव्हा आवाज आला नाही असं म्हणणार नाही. गवत खालून घासतंच. पण कुणाला उतरावं लागलं नाही. आणि खड्ड्यांवरून ती ज्या तऱ्हेने जाते ते शब्दांत सांगणं अवघड आहे. खड्डा येतो, चाक आत जातं, तुम्ही दात आवळून तयार असता, आणि धक्का पोचतच नाही. वेग कमी करायची सवयच मोडते, हा एक तोटाच म्हणा. डिकीही 475 लिटरची, एस-क्रॉसपेक्षा चांगली शंभर लिटरने मोठी, आणि फरक क्रेट रचताना लगेच कळतो.

एक भ्रम मात्र काढून टाका. भर पावसात, माती ओली असताना, साधी डस्टरही तिथे जात नाही. काळी माती टायरला लपेटून बसते आणि चाक जागच्या जागी फिरतं. तिथे 2014 ला आलेली, इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी डस्टर लागते. ती मोजकीच मिळते, डिकीही लहान, आणि पुढे तिचा वेगळा सरंजाम सांभाळावा लागतो. आम्ही पावसाळ्यात गाडी डांबरीवर लावून पायी जातो, आजोबाही तसेच जायचे.

डस्टर सुचवतोय म्हणून तिच्या खोडी लपवत नाही. पहिली आणि महत्त्वाची म्हणजे टायमिंग बेल्ट. चेन नाही, पट्टा आहे, आणि तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात, म्हणजे इंजिनच उघडावं लागतं. विकणारा "बदललाय दादा, आत्ताच बदललाय" म्हणाला तर बिल मागा. पट्ट्यासोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बदललेला हवा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करून घ्या. दुसरी खोड अगदी क्षुल्लक, पण रोजची: सुरुवातीच्या मॉडेलांत बाहेरचे आरसे हलवायचं बटण हँडब्रेकच्या खाली आहे. हो, खाली. आमच्याकडे बायको आणि मी दोघंही गाडी चालवतो, त्यामुळे दर वेळी वाकून ते चाचपडणं आलंच. तिसरी, पार्टची. फिल्टर, लायनर, सस्पेन्शनचं सामान मिळतं. बंपर, हेडलॅम्प असल्या गोष्टींसाठी कुठल्याही बंद गाडीप्रमाणे थांबायची तयारी हवी. डस्टर नावाची नवी गाडी कंपनीने परत आणली, पण ती वेगळ्या पिढीची आहे; तिच्या भरवशावर जुनीचे पार्ट सुटतील असं समजू नका.

सुरक्षिततेचा विषय मी गाडी बघताना सगळ्यात आधी काढतो. 2017 मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेने भारतातली बिनएअरबॅगची डस्टर धडकवली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. ड्रायव्हरला एअरबॅग असलेलीला तीन. त्यामुळे खालचं मॉडेल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. एस-क्रॉसला युरोपात 2013 मध्ये पाच तारे होते, पण ती गाडी युरोपची. त्यावरून आपल्याकडच्या गाडीचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. एअरबॅग दोन आहेत का, तेवढं तिथेही बघाच.

आणि कागदपत्रं. नागपुरात सध्या दिल्ली पासिंगच्या डिझेल डस्टर बऱ्याच फिरताना दिसतात. दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा घातली गेली, त्यामुळे त्या तिथून कवडीमोलाने निघाल्या. आकडा ऐकून हरखून जाऊ नका. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणावी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि एजंटाच्या चकरा वेगळ्याच. हे सगळं मिळवलं की नागपूर पासिंगची, एमएच-31 किंवा एमएच-49 ची स्वच्छ गाडी तेवढ्यातच पडते, असा माझा अनुभव. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 2016 ची गाडी 2031 पर्यंत निवांत. एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघून घ्या, आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका.

बघायचीच झाली तर 2016 च्या फेसलिफ्टनंतरची 85 पीएस डस्टर आधी बघा. आतलं सामान बरं आहे. 110 ची एएमटी (क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) मला घाटात थोडी गोंधळल्यासारखी वाटली, चिखलदऱ्याला जाऊन बघा, कदाचित तुम्हाला चालेल. एस-क्रॉसच घ्यायची असेल तर ऑक्टोबर 2017 नंतरची, नव्या तोंडवळ्याची. आणि दोन्ही गाड्यांना लिफ्टवर चढवून खालून एकदा नक्की पाहा. मालकाने ती कुठल्या रस्त्याने फिरवली ते खालच्या पत्र्यावर स्पष्ट दिसतं.