धनुष्याच्या पाठीला फ्लोअरिंगची पट्टी

घरी लाकडी लाँगबो (माणसाच्या उंचीचं लांब धनुष्य) बनवणाऱ्यांना सध्या बॅकिंगच्या, म्हणजे धनुष्याच्या पाठीला चिकटवायच्या मजबूत थराच्या, नावाखाली काय काय गळ्यात मारलं जातंय, ते पैसे पाठवायच्या आधी वाचून ठेवा. या मालात फसवणं फार सोपं आहे. बॅकिंग एकदा चिकटवलं की त्याची आतली बाजू कायमची झाकली जाते. पुढे धनुष्य मोडलंच, तर दोष बनवणाऱ्याच्या हातावर ढकलता येतो. विकणाऱ्याला हे आपल्याआधी माहीत असतं.

नवख्यांसाठी थोडक्यात सांगतो. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते, ती पाठ. आपल्याकडची बाजू दाबली जाते, ते पोट. लाकूड सहसा पाठीकडून उचकटतं, म्हणून तिथे ताण सोसणारा थर चिकटवतात. १५४५ साली बुडालेलं ‘मेरी रोज’ हे इंग्लिश जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्यावर शंभराहून जास्त लाँगबो मिळाले. ते यू नावाच्या झाडाच्या लाकडाचे, वेगळं बॅकिंग नसलेले. यूचा बाहेरचा फिकट थर ताण सोसतो आणि आतला गडद भाग दाब, त्यामुळे बॅकिंगची सोय झाडानेच केलेली. आपल्याला असलं लाकूड कुठून मिळणार! माझ्याकडे धामणीच्या झाडाची फळी होती. धामण चिवट खरी, पण ही फळी करवतीवर कापलेली होती आणि तिच्या रेषा पाठीवर तिरप्या जाऊन कडेला तुटत होत्या. ती बॅकिंगशिवाय टिकली नसती.

पर्याय तसे बरेच आहेत. हिकरीचं लाकूड उत्तम, पण ते अमेरिकेचं. इथे मागवायचं म्हणजे लाकडापेक्षा कुरिअर महाग. जनावराच्या कंडरेचे तंतू, म्हणजे सिन्यू, कातड्याच्या सरसात बसवले तर धनुष्याला जोर येतो, पण ते सुकायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि आपल्या पावसाळी हवेत ओल धरून ढिले पडतात. कच्चं कातडं पाठीवरची कुसळं दाबून धरतं, स्वतः ताण फारसा घेत नाही. राहता राहिला बांबू. बांबूची बहुतेक ताकद बाहेरच्या सालीत असते, कारण तंतू तिथे दाट असतात आणि आत जावं तसे विरळ होतात. सातपुड्यातल्या भिल्लांच्या पारंपरिक धनुष्याची दोरीसुद्धा बांबूच्या सालीच्या चिरफळीची असते. यावरून काय ते ओळखा.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडे ‘बो-ग्रेड बांबू बॅकिंग’ दिसलं. सहा फूट लांब, दीड इंच रुंद. फोटोत साल शाबूत होती, पेरं फुगीर होती, पाठीला नैसर्गिक गोलाई होती. मी विचारलं, साल तासलेली नाही ना? उत्तर आलं, “नाही सर, वरून हात लावत नाही आम्ही, फक्त आतून सपाट करतो.” अगदी बरोबर उत्तर. यूपीआयवर अडीच हजार पाठवले.

आली ती पट्टी गडद तपकिरी, वर जाड पॉलिश. “फ्लेम टेम्पर्ड आहे सर, म्हणून रंग बदललाय.” आच देऊन बांबू कडक करतात हे खरंच आहे. दोन्ही टोकं मेणात बुडवलेली. “टोकं तडकू नयेत म्हणून.” हेही खरंच, लाकूडवाले टोकं अशी बंद करतात. पेरांच्या जागी काळपट आडवे पट्टे होते आणि पाठीला रंधा मारून आणलेली किंचित गोलाई होती. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण सुटं घेतलं तर पटण्यासारखं होतं.

इपॉक्सीने चिकटवली, क्लॅम्प लावून नीट सुकू दिली. टिलरिंगला (दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात म्हणून धनुष्य थोडं थोडं ओढून तासत जाणं) मी धनुष्य हातात धरून कधीच ओढत नाही. भिंतीवरच्या खुंटीला अडकवून दोरी-कप्पीने, लांब उभा राहून ओढतो. नवख्यांनी एवढं तरी जरूर पाळा. ठरलेल्या ओढीच्या निम्म्यावरही गेलो नव्हतो, तोच फाडकन आवाज झाला आणि वरच्या भुजेचा वीतभर तुकडा उडून दरवाजावर आपटला. हातात असतं तर चेहऱ्यावर आला असता.

तुकडे उचलून पाहिले तेव्हा सगळा प्रकार उघड झाला. खरा बांबू तुटला की लांबच लांब तंतू निघतात, झाडूसारखे. हा आडवा, कटकन तुटला होता. पॉलिश खरवडलं तर पट्टीच्या मधोमध टोकापासून टोकापर्यंत एक सरळ बारीक रेघ दिसली. रेघेच्या एका बाजूला पेराची खूण एका जागी, दुसऱ्या बाजूला चार बोटं खाली. म्हणजे दोन अरुंद चिपा कडेला कडा जोडून केलेली पट्टी! हा घराच्या फ्लोअरिंगचा बांबू. फ्लोअरिंगवाले बाहेरची साल रंध्याने काढूनच टाकतात, कारण तिला डिंक धरत नाही, आणि तपकिरी रंगासाठी चिपा वाफेवर शिजवतात, त्यात उरलीसुरली ताकदही कमी होते. पेरांवरचे काळे पट्टे तर चक्क तापल्या लोखंडाने ओढलेले होते. खरी पेरं कुठे आहेत, हे त्या पट्ट्यांखाली लपावं म्हणून.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी “सर, तुमचं टिलरिंग चुकलंय.” मग “ग्लू कमी पडला असेल.” ग्लू कमी पडला असता तर पट्टी धामणीपासून सुटी झाली असती, इथे तुटलेल्या जागीसुद्धा चिकटवण शाबूत होती आणि पोटाकडे दाबाची एकही सुरकुती नव्हती. टिलरिंग बिघडलं तर एकच जागा जास्त वाकते आणि ते मोडायच्या आधी डोळ्यांना दिसतं. हे सगळं लिहून पाठवल्यावर त्याचा सूर एकदम मऊ झाला. “बांबू सगळ्यांना जमत नाही सर, तुम्ही सिन्यू लावा, निम्म्या किमतीत देतो.”

सँपल मागवलं. एका छोट्या रिळावर गुंडाळलेला पिवळसर, मेणचट, एकसारख्या जाडीचा दोरा. खऱ्या सिन्यूचे तुकडे जनावराच्या पायात किंवा पाठीत जेवढी कंडरा असेल तेवढेच लांब निघतात. त्याचं रीळ येईल कुठून? काडी लावली तर केस जळल्याचा वास नाही, टोकाला वितळून गोळी झाली. मेण लावलेला नायलॉन किंवा पॉलिस्टर. कातडं शिवायला चांगला असतो, ‘आर्टिफिशियल सिन्यू’ म्हणून उघडपणे विकतातही. हा पठ्ठ्या पहिला शब्द गाळून विकत होता.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. पहिला प्रश्न बिलाचा. बिल नव्हतं, विक्रेत्याचा पत्ता नव्हता, होता तो एक यूपीआय आयडी आणि चॅट. तक्रार नोंदली गेली, पैसे अजून आलेले नाहीत. जाता जाता विक्रेत्याने मला ब्लॉक केलं, पण चॅटचे आणि पॉलिश खरवडलेल्या पट्टीचे फोटो मी जपून ठेवलेत.

नंतर बुरूड आळीत गेलो. तिथल्या मावशींना तुटका तुकडा दाखवला तर त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, “दादा, ह्याला पाठच नाही. नुसत्या गाभ्याची टोपली पण नाही होत.” त्यांनीच जाड भिंतीचा, मोठ्या घेराचा सुका बांबू उभा चिरून दिला. आतून मी घरी रंधून सपाट केला. बाहेरची साल तशीच ठेवली. कच्चं कातडं हवं असेल तर हलगी-तबल्याची कातडी मढवणाऱ्यांकडे विचारा. मात्र तुकडा भिजवून सुकवून बघा: कच्चं कातडं सुकल्यावर पुन्हा कडक होतं, कमावलेलं चामडं लवचीकच राहतं आणि त्याचा बॅकिंगला काही उपयोग नाही.

तो विक्रेता आता दुसऱ्या नावाने त्याच फोटोवर माल विकतोय. फुगीर पेरांची पट्टी, मागे निळी ताडपत्री, कोपऱ्यात अर्धवट दिसणारी मोजपट्टी. दिसला तर आधी मेण न लावलेल्या, ताज्या कापलेल्या टोकाचा फोटो मागा. खऱ्या पट्टीत बारीक ठिपके एका कडेला गच्च आणि दुसरीकडे विरळ दिसतात. मी दुसऱ्या नंबरवरून मागितला होता. “सर, स्टॉक संपला,” एवढंच उत्तर आलं; जाहिरात मात्र अजून चालू आहे.