विंडोज ११ वर आठ महिने, आणि मधे झालेला लायसन्सचा घोळ

मी डिचोलीजवळ राहते, घरीच टायपिंग आणि झेरॉक्सचं काम करते. अर्ज, एक-चौदाचे उतारे काढून देणं, लग्नपत्रिकांचा मजकूर, बँकेचे फॉर्म, आणि जत्रा जवळ आल्या की नाटकांच्या संहिता. सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं, त्यामुळे तो बंद पडला की माझं कामच बंद. म्हणून हे सविस्तर लिहितेय, कारण मला जे दहा महिन्यांनी कळलं ते लॅपटॉप घेतल्याच्या दिवशी दोन मिनिटांत कळू शकलं असतं.

लॅपटॉप सेकंडहँड. गेल्या वर्षी मे महिन्यात म्हापशात एका दुकानातून २२ हजाराला घेतला. कुठल्यातरी कंपनीतून निघालेला बिझनेस मॉडेल, आय फाइव्ह आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ चा एसएसडी. कीबोर्ड उत्तम, बॅटरी तीन तास. विंडोज १० प्रो घालून दिलेलं, दुकानदाराने सेटिंग उघडून दाखवलं पण, बघा ताई ॲक्टिव्हेटेड आहे. मी बघितलं, तिथे तसंच लिहिलं होतं, मी पैसे दिले. त्याच्या खाली अजून एक ओळ होती, 'ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असं काहीतरी, ती मी वाचली पण कंपनीचा लॅपटॉप आहे म्हणून असेल असं वाटलं आणि सोडून दिली. सगळा घोळ त्या एका ओळीत होता.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे माहीत होतं, लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं माझ्या मशीनवर स्कॅन होतात, सिक्युरिटी अपडेट नसलेल्या मशीनवर ती ठेवणं मला पटत नव्हतं. आमचा सात दिवसांचा गणपती, तो पोचवला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात अपग्रेडला बसले. मदतीला माझा भाचा, तो फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, शनिवारी घरी येतो.

पहिली अडचण, पीसी हेल्थ चेक ॲपने सरळ नाही म्हटलं. प्रोसेसर चालतो, रॅम चालते, पण टीपीएम २.० (सुरक्षेच्या किया जपणारी चिप) नाही आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर घेणारी सोय) नाही. भाचा म्हणाला मावशी, आठव्या जनरेशनला टीपीएम नसेल असं होणारच नाही, बंद असेल. आणि तसंच निघालं, बायोसमधे (विंडोज चालू व्हायच्या आधी उघडतं ते मशीनचं सेटिंग) सिक्युरिटीखाली टीपीएम ऑफ करून ठेवलेला. (काही मशीनमधे हेच इंटेल पीटीटी नावाने असतं, एएमडीवाल्यात एफटीपीएम, नाव बघून गोंधळू नका.) सिक्युअर बूट मात्र लगेच चालू होईना, कारण दुकानदाराने विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं, डिस्क एमबीआर, म्हणजे विभागणीची जुनी पद्धत. सिक्युअर बूटला यूईएफआय (चालू होण्याची नवी पद्धत) लागतं आणि यूईएफआयला जीपीटी डिस्क (विभागणीची नवी पद्धत). सगळं पुसून परत टाकायची गरज पडली नाही, विंडोजमधेच एमबीआर-टू-जीपीटी म्हणून कमांड आहे, आधी तिच्यात व्हॅलिडेट करून बघायचं, ते पास झालं तरच कन्व्हर्ट, मग रीस्टार्ट करून बायोसमधे लेगसीचं यूईएफआय करायचं. हे करायच्या आधी मी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केला, कित्येक वर्षांचं काम आहे त्यात, आणि पाऊस चालू असताना आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बॅटरी शंभर टक्के भरेपर्यंत हातच लावला नाही. कन्व्हर्टला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुढचा अपग्रेड इन्स्टॉलेशन असिस्टंटने केला, दोन तासात झाला, फाइल्स प्रोग्रॅम सगळे जागच्या जागी.

आता वापराबद्दल. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. टास्कबार मधोमध, तो सेटिंगमधून डावीकडे आणला. राइट क्लिक केलं की अर्धे पर्याय लपलेले, शो मोअर ऑप्शन्स दाबावं लागतं, माझ्यासारखीला दिवसात पन्नास वेळा. नंतर शिफ्ट दाबून एफ १० केलं की थेट जुना मेनू येतो हे कळलं तेव्हा बरं वाटलं. फाइल एक्सप्लोररमधे टॅब आले ते फार कामाचे, एका टॅबमधे गिऱ्हाइकाचा फोल्डर आणि दुसऱ्यात पेन ड्राइव्ह. विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या मागच्या काही गोष्टी दिसतात, हे १० मधेही होतं पण मला माहीत नव्हतं, फॉर्म भरताना नाव पत्ता परत परत टाकायचा वेळ वाचतो. मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही डाउनलोड नको, विंडोज आणि स्पेसने भाषा बदलते. जुना लेझर प्रिंटर न कुरकुरता चालला, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. ८ जीबीमधे ब्राउझरचे दहा टॅब, वर्ड आणि स्कॅनर एकत्र चालतं, ब्राउझरचे टॅब वीसच्या वर गेले की जड होतं. बॅटरीत मला फरक जाणवला नाही.

म्हणजे मशीन छान चाललं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी एक दिवस स्क्रीनवर आलं, युअर विंडोज लायसन्स विल एक्स्पायर सून. मला वाटलं जाहिरात आहे. परत आलं. मग शिगमोच्या दिवसात, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी लॅपटॉप चालू केला तर मागचं चित्र काळं आणि उजवीकडे खाली ॲक्टिव्हेट विंडोजचा फिकट वॉटरमार्क. समोर एक आजोबा उताऱ्यासाठी बसलेले, त्यांनी विचारलं बाय, बिघडलं काय? बिघडलं नव्हतं, प्रिंट निघाली, काम सगळं होत होतं, वॉलपेपर वगैरे तेवढं बदलता येत नव्हतं. पण लायसन्स पूर्ण पैसे देऊन घेतलेल्या लॅपटॉपला संपतं कसं हेच मला कळेना. ॲक्टिव्हेट दाबलं की एरर, शेवट एफ०७४ ने. नेटवर शोधलं तर त्याचा अर्थ केएमएस सर्व्हर सापडला नाही. माझ्या घरात कसला सर्व्हर?

भाचा शनिवारी आला आणि त्याने विंडोज बटण आणि आर दाबून एक छोटी कमांड टाकली, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश डीएलआय. एक चौकट उघडली, त्यात लिहिलेलं व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल, आणि खाली की ची (लायसन्सच्या कोडची) शेवटची पाच अक्षरं, टी ८३ जीएक्स. तो म्हणाला मावशी, ही पाच अक्षरं मी कॉलेजच्या लॅबमधे पण बघितलीत. ती की गुपित नाहीच, मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या वेबसाइटवर छापलेली आहे, प्रो एडिशनची केएमएस की सगळ्यांची एकच. ती एकटी काही ॲक्टिव्हेट करत नाही. मोठ्या कंपनीत, कॉलेजात एक सर्व्हर असतो, त्यांनी व्हॉल्यूम लायसन्स (खूप मशीनसाठी एकत्र लायसन्स) घेतलेलं असतं, मशीन त्या सर्व्हरला विचारतं आणि १८० दिवसांची मुदत मिळते, नेटवर्कवर असेपर्यंत ती आपोआप वाढत राहते. नेटवर्क सुटलं की १८० दिवसांनी संपली.

माझ्या लॅपटॉपने तर कधी कंपनीचा सर्व्हर बघितलाच नव्हता. दुकानात विंडोज नव्याने टाकलं होतं आणि वर एक ॲक्टिव्हेटर बसवला होता, तो मशीनच्या आतच खोटा सर्व्हर उभा करून मुदत वाढवत होता. विंडोजचा आतला अँटिव्हायरस डिफेंडर, त्याची हिस्टरी उघडली तर अपग्रेडच्याच दिवशीची नोंद, हॅकटूल, ऑटोकेएमएस, क्वारंटाइन (पकडून वेगळं ठेवलं). म्हणजे अपग्रेड झाल्यावर डिफेंडरने त्याला पकडलं आणि तिथून १८० दिवस मोजले तर बरोबर शिगमो. त्यापेक्षा वाईट म्हणजे डिफेंडरच्या सेटिंगमधे एक अख्खा फोल्डर एक्सक्लुजनमधे टाकून ठेवलेला, म्हणजे त्या फोल्डरकडे अँटिव्हायरसने बघायचंच नाही. दहा महिने मी अशा मशीनवर लोकांची कागदपत्रं स्कॅन करत होते. ते बघितल्यावर मला वॉटरमार्कपेक्षा त्याचा जास्त त्रास झाला, अजून होतो.

लोकांनी सल्ले दिले. एकाने ऑनलाइन पाचशे रुपयात की मिळते सांगितलं. माझ्या मैत्रिणीने तशी घेतली होती, दोन महिन्यांनी सी००३ ची एरर आली, म्हणजे की ब्लॉक, विकणारा फोन उचलत नाही. असल्या स्वस्त किया बहुतेक कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात, शेकडो लोकांना विकतात आणि मग त्या बंद होतात. नवीन प्रो रिटेल लायसन्स घ्यायचं तर लॅपटॉपच्या अर्ध्याहून जास्त किंमत गेली असती.

पण उत्तर लॅपटॉपच्या आतच होतं. विंडोज ८ पासून कंपन्या की स्टिकरवर छापत नाहीत, मदरबोर्डच्या फर्मवेअरमधे (त्याच्या चिपमधल्या कायमच्या सॉफ्टवेअरमधे) लिहून ठेवतात. म्हणून खालच्या स्टिकरवर नुसतं विंडोज १० प्रो असतं, की नसते. भाच्याने पॉवरशेलमधे (विंडोजची कमांड टाइप करायची चौकट) एक ओळ टाकून फर्मवेअरला विचारलं आणि स्क्रीनवर २५ अक्षरं आली, पाच-पाचचे पाच गट. मी वहीत लिहून घेतली, त्याने वाचली, मी परत वाचून दाखवली. हा लॅपटॉप मुळात विंडोज १० प्रो सकट विकला गेला होता, त्याचं खरं लायसन्स पहिल्या दिवसापासून आत बसलेलं होतं आणि विंडोज १० प्रोची ती की ११ प्रोलाही चालते. सेटिंग्जमधे चेंज प्रॉडक्ट की, टाकली, नेक्स्ट, पंधरा सेकंदात ॲक्टिव्ह. परत डीएलआय करून बघितलं, चॅनल ओईएम डीएम, म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनेच घातलेलं लायसन्स. ज्या दुकानदाराने खोटा ॲक्टिव्हेटर बसवायला वेळ घालवला त्याने ही खरी की वापरली असती तर त्याचाही वेळ वाचला असता. मी जाऊन त्याला सांगितलं सुद्धा. तो म्हणाला सगळेच असं करतात. मी म्हटलं भाऊ, सगळ्यांच्या मशीनमधे लोकांचे बँकेचे पासवर्ड असतात. पुढे तो काही बोलला नाही.

की बसली तरी त्या ॲक्टिव्हेटरचं अजून काय मागे राहिलं असेल ह्याची खात्री नव्हती, म्हणून पुढच्या रविवारी सगळं पुसून नवं विंडोज ११ टाकलं. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल, बस. इन्स्टॉल करताना त्याने की विचारलीच नाही, फर्मवेअरमधून स्वतः वाचली आणि इंटरनेट लागताच ॲक्टिव्ह. आता त्या ओळीत डिजिटल लायसन्स लिहिलेलं आहे.

क्लीन इन्स्टॉल करणार असाल तर दोन गोष्टी. नव्या व्हर्जनमधे डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) आपोआप चालू होतं, त्याची ४८ आकडी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे जाते, ती तिथे आहे का बघा आणि कागदावर पण लिहा, उद्या बायोस अपडेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला की तीच मागतं. आणि दुसरं जुने फॉन्ट. युनिकोडच्या (आता सगळीकडे चालते त्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधे टाइप केलेल्या संहिता माझ्याकडे बऱ्याच आहेत, क्लीन इन्स्टॉलनंतर २००९ सालचं आमच्या वाड्यावरच्या जत्रेचं नाटक उघडलं तर पहिल्याच पानावर, जिथे सूत्रधाराचा प्रवेश असायला हवा, तिथे इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. पोटात गोळा आला. फाइल खराब झालेली नव्हती, फॉन्ट नव्हता एवढंच. बाहेरच्या डिस्कवर फॉन्टचा जुना फोल्डर सापडला, इन्स्टॉल केले, फाइल परत उघडली आणि सूत्रधार आला. तेव्हा पुसायच्या आधी विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर कॉपी करा, डॉक्युमेंट्सच्या बॅकअपमधे तो येत नाही.

साखळीला माझा भाऊ असतो, त्याचा अनुभव वेगळा आहे म्हणून थोडक्यात. गेल्या जूनमधे पहिल्या पावसात विजेने त्याच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला, नवीन घातला तर एफ२११ ची एरर, म्हणजे हार्डवेअर बदललंय. डिजिटल लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, नुसती रॅम किंवा एसएसडी बदलून काही होत नाही. त्याचं लायसन्स वेगळं विकत घेतलेलं रिटेल होतं, जे दुसऱ्या मशीनवर नेता येतं, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडलेलं होतं. ट्रबलशूटरमधे हार्डवेअर नुकतंच बदललं हा पर्याय निवडला, यादीतून जुनं मशीन दाखवलं, झालं. माझ्यासारखं ओईएम असतं तर ते मदरबोर्डबरोबरच गेलं असतं.

सेकंडहँड घेताय तर दुकानातच ती डीएलआयची चौकट उघडून बघा. ओईएम किंवा रिटेल दिसलं तर ठीक. व्हॉल्यूम केएमएस दिसलं तर फर्मवेअरमधली की घालून द्यायला सांगा, तिथल्या तिथे, पैसे द्यायच्या आधी.

विंडोज ११ वर मी समाधानी आहे, मार्चपासून एकदाही अडलेली नाही. आता प्रश्न आमच्या ह्यांच्या लॅपटॉपचा आहे, तो सहाव्या जनरेशनचा, ११ च्या यादीत बसत नाही. जबरदस्तीने टाकायच्या युक्त्या नेटवर आहेत पण कामाच्या मशीनवर मी ते करणार नाही. त्याला विंडोज १० चे वाढीव सिक्युरिटी अपडेट घेतलेत, अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की फुकट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. नोंदणी करायच्या आधी त्याच्यावर पण डीएलआय करून बघितलं. ओईएम डीएम.