व्हीएलसी की एमपीव्ही? आधी दुखणं ओळखा

‘व्हिडिओ नीट दिसत नाही’ या तक्रारीत दोन निराळी दुखणी असतात. एकतर व्हिडिओ अडखळतो, नाहीतर चालतो सुरळीत, पण चित्र धुरकट किंवा पट्टेदार दिसतं. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे दोन्ही व्हिडिओ प्लेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहेत. तुमचं दुखणं कुठलं, त्यावर निवड ठरते.

अडखळत असेल तर प्लेअर बदलायची घाई करू नका. ४के एचईव्हीसी फाइल (एचईव्हीसी म्हणजे व्हिडिओ घट्ट दाबून साठवायची एक पद्धत) उलगडायचं काम एकट्या प्रोसेसरवर पडलं की जुना लॅपटॉप धापा टाकतो. ग्राफिक्स चिपमधला खास भाग तेच काम सहज करतो. हे हार्डवेअर डिकोडिंग व्हीएलसीत २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. एमपीव्हीत ते मुळात बंद असतं; कंट्रोल आणि एच दाबलं की सुरू होतं. अर्थात चिपला तो फॉरमॅट कळायला हवा. एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटसाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेच्या आधीचं ग्राफिक्स कार्ड असेल, तर त्या कार्डावर कुठल्याही प्लेअरमध्ये भार प्रोसेसरवरच येणार. खात्री करायची तर व्हीएलसीत कंट्रोल आणि जे दाबून आकडेवारीत गळालेल्या फ्रेम बघा. एमपीव्हीत आय दाबा. आकडा वाढत असेल तर गडबड डिकोडिंगच्या किंवा चित्र पडद्यावर पोचण्याच्या टप्प्यात आहे.

कॅशे, म्हणजे प्लेअर पुढचा भाग आधीच वाचून ठेवतो तो साठा, वाढवा, असा सल्ला सर्रास मिळतो.  नेटवर्कवरची किंवा संथ डिस्कवरची फाइल थांबत-थांबत चालत असेल तर वाढवून बघा. चित्राच्या दर्जाशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या दुखण्यावर माझं मत ठाम आहे: एमपीव्ही घ्या. ७२०पी (७२० आडव्या ओळींचा) व्हिडिओ १०८०पी पडद्यावर दीडपट ताणला जातो, आणि मधले पिक्सेल कसे भरायचे हे प्लेअर ठरवतो. एमपीव्हीच्या सेटिंग्ज फाइलमध्ये हाय-क्वालिटी प्रोफाइलची एक ओळ लिहिली की तो हे काम जास्त काटेकोर गणिताने करतो. कडा रेखीव राहतात. अंधाऱ्या आकाशात दिसणाऱ्या पट्ट्यांवरही इलाज इथेच आहे. ८ बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ च छटा असतात, आणि कॉम्प्रेशन त्याही खाऊन टाकतं. एमपीव्हीत बी दाबलं की हे पट्टे विरघळायला लागतात. एकदा तरी चालू-बंद करून बघाच, फरक डोळ्यांना पटतो.

कॅमेरा संथपणे फिरताना चित्राला बारीक हिसके बसतात, तेही इथेच सुधारतं. सेकंदाला २४ फ्रेम ६० हर्ट्झच्या पडद्यावर बसवताना एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. एमपीव्ही फ्रेम पडद्याच्या ठोक्यावर बसवून मधली चित्रं मिसळू शकतो. काहींना तो गुळगुळीतपणा खटकतो, मलाही सिनेमात तो नको वाटतो.

या सगळ्याचा बोजा ग्राफिक्स चिपवर पडतो, बॅटरी लवकर उतरते. शिवाय एमपीव्हीत मेनू जवळजवळ नाहीत. फाइल उघडून ओळी लिहायचा कंटाळा असेल तर व्हीएलसीच बरा. जुन्या टीव्ही रेकॉर्डिंगमधल्या करवतीसारख्या कडांसाठी दोन्हींत डी हीच कळ आहे.

व्हीएलसीतले शार्पन आणि कॉन्ट्रास्टचे स्लायडर शक्यतो आहेत तसेच राहू द्या. ते ठोकळे आणि खरखर जास्तच उठून दाखवतात.