बिजागरीचा नी ब्रेस (गुडघ्याचा आधारपट्टा): आठ महिने बांधून झाल्यावर

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही घरचे सहाजण स्वित्झर्लंडला गेलो होतो. एंगेलबर्गला सगळे टिटलिसच्या बर्फाळ डोंगरासाठी जातात, आम्हीही गेलो. पण मुलांना स्की करायचं होतं म्हणून एक दिवस खाली गेर्शनीआल्पवर थांबलो. तो उतार शिकाऊंचाच. चार-पाच वर्षांची पोरं माझ्या बाजूने सरसरत जात होती. मी घाबरून मागे कलले, खाली बसता बसता डाव्या स्कीचं शेपूट बर्फात रुतलं आणि गुडघा आत पिळला. 'कट्ट' आवाज मला स्वतःला ऐकू आला. स्की बुटातून सुटलीच नाही. "अगं ऊठ, काही नाही झालं," इति नवरा. उठले, दोन पावलं टाकली, गुडघा सटकला.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. पाय सरळ ठेवणारी पट्टी, कोपराला आधार देणाऱ्या कुबड्या आणि विमानप्रवासात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायची इंजेक्शनं मिळाली. खर्च आमच्या खिशातून. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढलेला होता, पण स्कीइंग त्यातून वगळलेलं. ते छापलेलं होतं, वाचलं आम्ही नव्हतं.

पुण्यात एमआरआय झाला: एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारा एक अस्थिबंध, पूर्ण तुटलेलं. सूज उतरून गुडघा सरळ होईपर्यंत, म्हणजे पाचेक आठवडे, ऑपरेशन थांबलं. हा ब्रेस घेतला तो तेव्हा. मांडीपासून पोटरीपर्यंत लांब, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी आणि तिच्यावर अंशांची चकती.

चकतीला मात्र पूर्ण मार्क: गुडघा किती अंश वाकू द्यायचा ते ती ठरवते. ऑपरेशननंतर चालताना शून्यावर, म्हणजे पाय सरळ, कुलूप, व्यायामाला आधी तीस, मग साठ, मग नव्वद. फिजिओ मॅडम आकडा बदलायच्या तेव्हा दहावीचा निकाल लागल्यासारखं वाटायचं. रात्री झोपेत पाय वाकडा पडेल ही धास्तीही ब्रेसने घालवली.

फसले ती मापात. दुकानात मांडी मोजली तेव्हा पाय सुजलेला होता. ऑपरेशननंतर महिन्याभरात मांडीचे स्नायू इतके आटले की पट्टे शेवटपर्यंत ओढूनही ब्रेस घसरून पोटरीवर यायचा. घसरला की बिजागरी गुडघ्याच्या खाली जाते, मग त्या चकतीला काही अर्थ राहत नाही. दर अर्ध्या तासाला जिन्यात उभं राहून तो वर ओढणं हा माझा उद्योग झाला होता. शेवटी एक माप लहान दुसरा घेतला. म्हणून सांगते, सूज उतरल्यावरच मोजा, आणि मोजताना गुडघ्याच्या वाटीच्या वर सहा इंचांवर टेप धरा. दुकानदार "फ्री साइज आहे, सगळ्यांना बसतो" म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.

दुसरी कटकट उन्हाळ्याची. एप्रिलमध्ये आतला फोम घामाने चिंब व्हायचा, मांडीवर पुरळ आलं. खाली पातळ सुती पायजमा घातल्यावर बरं वाटलं. वेलक्रोला केस, धागे, सासूबाईंच्या लोकरीचे तंतू सगळं चिकटतं. जुन्या टूथब्रशने ते निघतं. फोम हाताने धुवा, मशीनमध्ये टाकू नका. माझ्या पहिल्या ब्रेसचा तसाच चुरा झाला.

आणि एक चूक माझीच. तिसऱ्या महिन्यात फिजिओ मॅडमनी "आता घरात काढून ठेवा" सांगितलं, तरी मी जूनपर्यंत तो बांधत राहिले. भीती, दुसरं काय! पट्टे आवळले की पाय आपला वाटायचा. पण तो बांधून मांडीत ताकद येत नाही. ती आली टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा दाबण्याच्या त्या कंटाळवाण्या व्यायामाने, रोज तीन वेळा. सासूबाईंचा हळदीचा लेपही चालू होता. त्याने निदान त्यांना बरं वाटलं.

आता ब्रेस फक्त गर्दीत जायचं असलं की घालते. मांडी घालून बसणं अजून जमत नाही, पूजेला खुर्ची घेते. परवा शेजारच्या मुलाने फुटबॉलमध्ये गुडघा दुखावला, त्याची आई ब्रेस मागायला आली. तिला कुबड्या दिल्या आणि टेप दिली.