जुन्या पिकअपला फोर-व्हील टाकल्यावर: दोन पावसाळ्यांचा हिशेब

गाडी म्हणजे पुढे-मागे पाटे आणि पुढे साधा सरळ ॲक्सल असलेली, फक्त मागच्या चाकांवर चालणारी जुनी डिझेल पिकअप. तिला पुढे ताकद घेणारा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) बसवली. काम वैरण, खत आणि पाइपा ओढायचं, फेऱ्या राधानगरी-गगनबावड्याच्या पाणंदीतून. चौदा महिन्यांत १६ हजार किलोमीटर झाले, पण फोर-व्हील टाकून चाललेले जेमतेम पाचशे. म्हणजे बाकीचे साडेपंधरा हजार किलोमीटर हे सगळं लोखंड नुसतं वाहून नेलं. म्हणूनच पुढच्या चाकांना हाताने लॉक करायचे फ्री-व्हीलिंग हब हवेतच. ते सोडून ठेवले की पुढचा शाफ्ट, क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलमधली दातेरी जोडी) काहीच फिरत नाही. वजनकाट्यावर गाडी सव्वाशे किलोने वाढलेली दिसली, ॲव्हरेज बारावरून साडेदहा-अकरावर आलं. ते आता तिथेच राहणार.

भंगारात सुटा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस स्वस्तात मिळते आणि तिथेच गोम आहे. जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसचा मागचा आउटपुट मध्यावर नसतो, उजवीकडे सरकलेला असतो, कारण त्या जीपचं मागचं डिफरन्शियलही उजवीकडेच असतं. पिकअपचं डिफरन्शियल मात्र मधोमध. हे दोन जोडले की मागचा शाफ्ट नुसता वर-खालीच नव्हे तर आडवाही तिरका बसतो आणि भरल्या गाडीत दर काही महिन्यांनी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) जातो. मागचा आउटपुट मध्यावर आणि पुढचा आउटपुट पुढच्या डिफरन्शियलच्याच बाजूला, अशीच केस घ्या. गिअरबॉक्ससकट मिळाली तर उत्तम. आउटपुट शाफ्टचे स्प्लाइन (दातेरी खाचा) जुळवायला अडॅप्टर करून घेण्याची भानगड वाचते. तसा अडॅप्टर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर होतो. पण बेअरिंगची बैठक आणि शाफ्ट एका रेषेत आले नाहीत तर केस गरम होते आणि सील टिकत नाही.

दुसरी तपासणी क्राऊन-पिनियनच्या दातांची. पुढचं आणि मागचं रेशो (क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात) एकच हवं. खोलून दात मोजता आले तर ठीक, नाहीतर एक चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. उचललेलं चाक २० वेढे फिरवा आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे वेढे मोजा. ३९/८ असेल तर ४८.७५ वेढे येतात, ४३/९ असेल तर ४७.७८. फरक एका वेढ्याचा, म्हणून दोनच वेढे फिरवून अंदाज बांधणारा फसतो. हा दोन टक्क्यांचा फरक म्हणजे दर शंभर मीटरला एक ॲक्सल दोन मीटर पुढे जायला बघतो. चिखलात टायर घसरून तो पचतो, डांबरावर मात्र फोर-व्हीलचा लिव्हर अडकतो आणि शेवटी क्रॉस किंवा ट्रान्सफर केसची साखळी जाते. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर टाकले तरी हाच प्रकार, थोडा कमी.

आता बसवणी. पाट्यांच्या बैठका हाउसिंगच्या (ॲक्सलच्या कवचाच्या) नळीवर वेल्ड करण्याआधी कोन ठरवून घ्या. किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) तीन ते चार अंश मागे झुकलेला हवा, नाहीतर स्टेअरिंग सोडल्यावर सरळ येत नाही. पण ॲक्सल तेवढा फिरवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि शाफ्टचा कोन वाढतो. दोन्ही एकदम साधत नाही, कास्टरला (किंगपिनच्या या झुकावाला) झुकतं माप द्या, कारण पुढचा शाफ्ट कमी वेगातच फिरतो. वेल्ड सलग मारू नका. इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मध्ये थंड होऊ द्या. सलग मारलं की नळी वेल्डच्या बाजूला ओढली जाते आणि महिन्याभरात आतलं सील गळायला लागतं. काम झाल्यावर दोरी ताणून नळी सरळ आहे का बघायचं.

मग ॲक्सल वर आपटताना डिफरन्शियल ऑइल सम्पला लागतंय का, ते पाटे पूर्ण दाबून बघा. लागत असेल तर बम्प स्टॉप (ॲक्सल वर आपटताना अडवणारा रबर) जाड करा. गाडी ५० मिमी उचलली तर ब्रेकचा होजही तेवढा लांब हवा आणि मागे लोड सेन्सिंग वाल्व (वजनाप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर त्याचा दांडा पुन्हा सेट करावा लागतो. हे बहुतेक मिस्त्री विसरतात. मग वाल्वला भरलेली गाडीही रिकामी वाटते, मागचे ब्रेक कमी लागतात आणि दोष दुसऱ्याच कशाला दिला जातो.

मागचा शाफ्ट कापून आखूड करताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत ठेवून वेल्ड आणि नंतर बॅलन्सिंग. योक एक दात जरी चुकला तरी साठच्या पुढे गाडी गुणगुणते. स्लिप जॉईंटला (शाफ्टच्या सरकत्या सांध्याला) दाबायला निदान ३० मिमी जागा सोडा. ती नसेल तर खड्ड्यात शाफ्ट थेट केसला ढकलतो आणि कास्टिंगला तडा जातो.

दोन पावसाळ्यांत खरा त्रास दिला तो पुढच्या नकलने (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्याने). गोल बॉलवरचं फेल्ट सील तांबड्या मातीचं पाणी पूर्ण अडवत नाही. पहिल्या ऑगस्टमध्येच आतलं ग्रीस कालवलेल्या पिठासारखं पांढरं झालं होतं. बॉलवर गंजाचा फोड असेल तर तो घासून गुळगुळीत करा. त्यावर नवं सील टाकून काही उपयोग नाही, आठ दिवसांत फाटतं. किंगपिन बेअरिंगचा ताण शिम (पातळ चकत्या) काढून वाढवायचा. सील चढवण्याआधी स्प्रिंगकाट्याने नकल ओढून मोजायचा. वर-खाली शिम सारख्याच जाडीचे ठेवायचे, नाहीतर ॲक्सल शाफ्ट मध्यावर राहत नाही. खड्ड्यातून गेल्यावर स्टेअरिंग थरथरायला लागलं की लोक आधी अलाइनमेंटला धावतात. आधी चाक उचला आणि वर-खाली हलवून बघा.

ॲक्सलच्या ब्रीदरला (हवा आत-बाहेर जायच्या तोंडाला) नळी लावून बॉनेटपर्यंत न्या. तापलेलं हाउसिंग ओढ्यात शिरलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी ओढते. डिफरन्शियलला जीएल-५ ऑइल, पितळी सिंक्रो रिंगच्या गिअरबॉक्सला जीएल-४, साखळीच्या ट्रान्सफर केसला बहुतेक एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). उरलेलं ऑइल सगळीकडे ओतायची सवय इथे महागात जाते.

कागदपत्रं काम सुरू करण्याआधी बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलात मनाने बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला दर बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरटीओत लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा.

चालवायला कशी? जांभ्याच्या चढावर, ओल्या खडीवर झकास. पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ आणि ॲक्सलचं रेशो ४.८८ धरलं तर एकूण ४८ पट ताकद चाकावर येते, क्लच न जाळता भरलेली गाडी रांगत वर जाते. वळणावर मात्र जागा जास्त लागते, स्टेअरिंग स्टॉप आधीच लागतो. डांबर लागलं की फोर-व्हीलचा लिव्हर लगेच काढायचा. अडकला तर सरळ रेषेत चार हात मागे घ्यायचं, सुटतो.

शिरोळ-हातकणंगल्याकडच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर ही गाडी उसाच्या फडात घालू नका. टायरची नक्षी दोन वेढ्यांत लिंपली जाते, दोन्ही डिफरन्शियल उघडी (लॉक न होणारी) असल्याने पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं फिरत राहतं आणि गाडी हाउसिंगवर बसते. तिथे अजून ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.